सेवा आणि सही

माउली, शेगावी श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला गेलो की सेवाधारी हात जोडून आपल्याला वाट दाखवतात. कोणी झाडतो, कोणी वाढतो, कोणी रांग सांभाळतो. पाळीपाळीने हजारो लोक येतात, मोबदला न घेता राबतात आणि आपापल्या घरी परततात. त्यांचे नाव आपण विचारत नाही, तेही सांगत नाहीत. सेवा अशीच असावी, नाव आले की मागून अहंकार आलाच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मग एक प्रश्न मनाशी धरून पाहा. केलेल्या कामाखाली आपले नाव लिहिणे हा नेहमी अहंकारच असतो का?

आपल्या विदर्भात, नागपूरच्या मिहानमध्ये, विमानांच्या देखभालीचा मोठा तळ आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला नाव लिहावेच लागते. दुरुस्ती करणाऱ्याची नोंद, तपासणाऱ्याची सही आणि शेवटी ‘विमान उडण्यास योग्य आहे’ असे लिहून देणाऱ्या अधिकृत अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान प्रवासी घेऊन निघत नाही. बाहेरच्याला हा कागदांचा पसारा वाटेल. तो कशासाठी आहे, हे परदेशातल्या एका घटनेवरून कळते.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यात लारेडोहून ह्यूस्टनला येणारे कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचे एक छोटे विमान खाली उतरत असताना हवेतच मोडले. आतील १४ पैकी कोणीही वाचले नाही. चौकशीत कारण सापडले ते आदल्या रात्रीच्या कामात. शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला, बर्फ साचू नये म्हणून रबरी पट्टी असते. ती बदलायचे काम चालू होते. संध्याकाळच्या पाळीतला एक तपासनीस मदतीसाठी स्वतः वर चढला आणि त्याने डाव्या बाजूचे वरचे स्क्रूही काढून ठेवले. ते ४७ होते. मग पाळी बदलली. रात्रीच्या लोकांनी उजव्या बाजूचे काम पुरे केले. डावीकडेही हात लागला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेपटी उंच, त्यामुळे वरचा भाग खालून दिसत नव्हता. सकाळी विमान सेवेत गेले.

आता यातली बारीक गोष्ट पाहा. त्या तपासनिसाने वहीत नोंद केली होती. पट्ट्या काढायला मदत केली, अशा अर्थाचे त्याने लिहिले आणि तो घरी गेला. पण पुढच्या पाळीचा तपासनीस लवकर आला होता आणि ही नोंद होण्याआधीच वही वाचून कामाला लागला होता. शिवाय लिहिले काय, तर मदत केली. उघडे काय राहिले, ते लिहिलेच नाही.

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हते. तो तर दुसऱ्याच्या कामाला धावून गेला होता. आपण म्हणू, भाव शुद्ध होता ना, मग झाले! पण माउली, आपला भाव पांडुरंगाला न सांगता कळतो. पुढच्या पाळीच्या माणसाला मात्र काम सांगावेच लागते. त्या १४ जणांचा जीव कोणाच्या भावावर नव्हे, त्या एका न सांगितलेल्या वाक्यावर टांगलेला होता.

आपल्या सप्ताहातला वीणेचा पहारा आठवा. कोणत्या वेळी कोण, त्याची नावे आधी लिहिलेली असतात. त्या यादीत नाव आले म्हणून कोणी मोठा होत नाही. पहारेकऱ्याची वेळ संपली तरी तो वीणा खाली ठेवून निघून जात नाही. पुढचा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, तेव्हाच पहिला मोकळा होतो. ‘माझी वेळ झाली’ एवढ्याने सेवा संपत नाही. पुढच्याच्या हाती ती पोचली, की संपते.

आणि नावाचेच म्हणाल, तर ज्या संतांनी ‘मी’पणा टाकायला शिकवले, त्यांच्याच अभंगांच्या शेवटी त्यांची नाममुद्रा आहे. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूंचे नाव जोडले. ती मुद्रा मानासाठी नाही. हे वचन माझे, याचे उत्तर मी देईन, असे ती सांगते.

उलट बाजूही खरी आहे. न पाहता ठोकलेली सही ही न केलेल्या नोंदीपेक्षा वाईट. चुकलेली नोंद पुढच्याला अंधारात ठेवते, खोटी सही त्याला निश्चिंत करून फसवते. गळ्यात माळ आणि वागणे भलतेच, तसे ते आहे.

म्हणून असा विवेक करावा असे वाटते. श्रेय निनावी असू द्या, जबाबदारीला नाव असू द्या. ‘मी इतके केले’ हे सांगायचे राहिले तर काही बिघडत नाही. ‘माझ्याकडून इतके राहिले’ हे मात्र राहता कामा नये. आणि ते सांगायलाच जास्त नम्रता लागते, कारण त्यात कौतुक नसते.

हे विमानापुरते नाही. घरात आजारी आईला दुपारची गोळी दिली की नाही, अन्नछत्रात भाजीत मीठ पडले की नाही, दिंडीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माउलीला कोणी गाडीत बसवले की नाही, सगळीकडे पाळी बदलते. आज रात्री निजण्याआधी आपण अर्धवट सोडलेले एखादे काम आठवा आणि ते ज्याच्या हाती जाणार आहे, त्याला स्वतः जाऊन सांगा. त्याने ऐकले, समजले, हे पाहूनच परत या.

राम कृष्ण हरी.