जाळी विरघळल्यावर काय उरतं?

हर्नियाच्या ऑपरेशनची जाहिरात आता एका आश्वासनावर उभी राहू लागली आहे: पोटाच्या कमजोर भिंतीला आधार म्हणून बसवलेली जाळी आपोआप विरघळेल, अंगात परकं काही उरणार नाही. त्याला ‘नैसर्गिक’ हे विशेषण जोडलं की रुग्णाच्या मनातली उरलीसुरली शंकाही मिटते. विरघळणाऱ्या पदार्थांवरचं संशोधन मोलाचं आहे, म्हणूनच त्याचा हा वापर खटकतो. विरघळणं ही मुळात एक मुदत आहे. ती किती असावी, हे पोटाच्या भिंतीच्या गरजेवरून ठरायला हवं. जाहिरातीत नेमकी ही मुदत सांगितलेली नसते.

‘नैसर्गिक ते शरीरात मिसळतं, कृत्रिम ते साचून राहतं’ हा समज वऱ्हाडात तरी टिकायला नको. इथल्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. मातीत पडला तर सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. पण ऑपरेशनच्या वेळी सुती गॉझचा तुकडा चुकून पोटात राहिला, तर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. शरीर त्याच्याभोवती गाठ बांधतं किंवा तिथे पू होतो, कारण सेल्युलोज तोडणारं विकरच माणसाकडे नाही. त्याच सेल्युलोजचं कारखान्यात ऑक्सिडीकरण केलं की रक्तस्राव थांबवणारं कापड बनतं, आणि ते मात्र शरीरात विरघळतं. म्हणजे शरीराला पदार्थाचं मूळ कळत नाही, त्याची रासायनिक रचना तेवढी कळते.

विरघळणाऱ्या पदार्थांच्या कल्पनेचा इतिहास सांगताना हर्नियाचे शल्यचिकित्सक बासिनी, अशर, लिश्टेनश्टाइन ही नावं ओळीने येतात. १८८०च्या दशकातली टाक्यांची शिवण, १९५०च्या दशकाअखेरीस आलेली प्लास्टिकची जाळी, १९८०च्या दशकातली ताणविरहित दुरुस्ती. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो १९७०च्या सुमारास झालेल्या बदलाबद्दल, आणि त्याचा अर्थ बहुतेक जण उलटा लावतात. तोवर विरघळणारा टाका म्हणजे कॅटगट, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेला धागा. शरीरातली विकरं तो पचवत, पण किती दिवसांत, ते रुग्णागणिक बदले. जखमेत जंतुसंसर्ग असला तर धागा वेळेआधीच तुटे. मग पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा आला, पूर्णपणे कारखान्यात घडवलेला. त्याला पचवायला विकर लागत नाही. ऊतींमधल्या पाण्यानेच त्याच्या साखळ्या ठरावीक गतीने तुटत जातात. म्हणजे आज जिला निसर्गाकडे परतणं म्हटलं जातं, ती कल्पना उपयोगी ठरली ती नैसर्गिक धागा सोडल्यावर. विरघळण्याची वेळ माणसाच्या हाती आली, हे त्या बदलाचं खरं मर्म.

वेळ हाती आली, पण किती वेळ हवा याचा अंदाज चुकला. याच कुळातल्या पॉलिग्लॅक्टिनची जाळी दोन-तीन महिन्यांत नाहीशी होते आणि तिचा जोर त्याच्याही आधी जातो. जुन्या ऑपरेशनच्या जागी आलेला हर्निया केवळ तिच्या भरवशावर सोडला की तो पुन्हा वर येतो. स्लॅब पक्का होण्याआधी सेंट्रिंग काढल्यावर व्हायचं तेच इथे होतं. म्हणून पुढच्या पदार्थांची मुदत वाढत गेली. जिवाणूंच्या किण्वनातून मिळणारं पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट साधारण १२ ते १८ महिने टिकतं, आणि स्वीडनमधल्या एका जाळीतले संथ धागे सुमारे तीन वर्षं. पण मुदत वाढवूनही एक अडचण उरते. जर्मनीत आखेन इथे उवे क्लिंगे आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाअखेरीपासून दाखवलं, की हर्निया असलेल्या अनेक रुग्णांत मजबूत पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचं प्रमाण कच्च्या तिसऱ्या प्रकाराच्या तुलनेत कमी असतं. जाळी विरघळल्यावर भार ज्या ऊतीवर येणार, तीच मुळात कमजोर असेल तर?

यावर आक्षेप येईल, की कायमच्या जाळीचा त्रास काय कमी आहे? नाहीच. जांघेतल्या ऑपरेशननंतर शंभरातल्या दहा-बारा जणांना जाणवण्याजोगं जुनाट दुखणं राहतं, असं २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुसरा आक्षेप दूषित जखमेचा: तिथे तरी विरघळणारीच जाळी सुरक्षित ना? अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दूषित जखमांच्या २५३ रुग्णांची तुलना झाली. दोन वर्षांत शरीरात जिरत जाणाऱ्या, डुकराच्या त्वचेपासून केलेल्या जाळीच्या गटात २०.५ टक्के हर्निया परतले, साध्या कृत्रिम जाळीच्या गटात ५.६ टक्के. किमती होत्या अनुक्रमे २१ हजार डॉलरहून अधिक आणि १०५ डॉलर.

महाराष्ट्रातल्या दोन शल्यचिकित्सकांचं कामही असंच चुकीचं वाचलं जातं. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची २००१ साली प्रसिद्ध झालेली पद्धत ‘अंगात काही नको’ या मताचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. प्रत्यक्षात ते रुग्णाच्याच बाह्य तिरप्या स्नायूच्या पातळ पडद्याची पट्टी, दोन्ही टोकं न तोडता, कमजोर भिंतीवर शिवतात. २००८च्या २२९ रुग्णांच्या अभ्यासात तर टाके विरघळणारेच होते. टाके गेले तरी जिवंत पट्टी जागेवर राहते. पोलंडमधल्या २०८ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी या पद्धतीत आणि जाळीच्या पद्धतीत हर्निया परतण्याचं प्रमाण सारखंच आलं. पुरावा अजून वाढायला हवा, पण काय जावं आणि काय उरावं याचा विचार इथे स्पष्ट आहे. दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्याला गरिबांसाठीची तडजोड म्हणणं अन्यायाचं आहे. युगांडातल्या ३०२ पुरुषांवरच्या चाचणीने २०१६ साली अशा कापडाचे वर्षभराचे निकाल महागड्या जाळीच्या तोडीचे ठरवले. दोघांनीही पदार्थ निवडताना विचारलं ते हेच, की तो शरीरात नेमकं कोणतं काम करणार आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अकोल्याच्या बाजार समितीत पोती वाहणारा हमाल किंवा कामासाठी गाव सोडणारा धारणी-चिखलदऱ्याचा मजूर टाके काढल्यावर दवाखान्यात क्वचितच परत येतो. विरघळणाऱ्या जाळीचं अपयश मात्र ती विरघळल्यानंतर, म्हणजे दीड-दोन वर्षांनी दिसतं. तोवर तो माणूस कुठे असेल, कुणाला माहीत. न परतलेला रुग्ण बरा झाला असं धरून चाललं, तर कुठलीही जाळी यशस्वीच ठरेल. स्वीडनमध्ये हर्नियाची राष्ट्रीय नोंदवही १९९२पासून चालू आहे. अमरावती आणि अकोल्यातली वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयं मिळून दोन जिल्ह्यांपुरती तरी अशी नोंद सुरू करू शकतात: रुग्णाचं काम, जाळीचा पदार्थ, आणि पाच वर्षांनी आशाताईंमार्फत घरी जाऊन केलेली विचारपूस. तोपर्यंत रुग्णांनी आणि नातेवाइकांनी डिस्चार्ज कार्डवर जाळीचं नाव, तिचा पदार्थ आणि विरघळण्याची मुदत लिहून मागावी.