मूळ यादी जागेवर राहू द्या

वर्गाचे गुण जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेत ठेवले आहेत: ९, ८५, १००, ४०. त्यावर नुसतं ‘सॉर्ट’ चालवलं, तर उत्तर येतं १००, ४०, ८५, ९. तुलना कशी करायची हे सांगितलं नाही, की सॉर्ट आकड्यांना मजकूर समजतं आणि पहिल्या अक्षरापासून लावत जातं. हा घोळ निदान लगेच नजरेस पडतो. त्याहून घातक दुसरा आहे: सॉर्ट नवी यादी देत नाही, हातातलीच यादी हलवतं. गुणवत्ता यादीसाठी हजेरीपटावर सॉर्ट चालवलं, की हजेरीक्रमावर विसंबलेलं दुसरं पान बिघडतं. चूक उगवते ती कुणी हातही न लावलेल्या कोडमध्ये.

म्हणूनच जावास्क्रिप्टच्या मानकाच्या २००९ च्या पाचव्या आवृत्तीत आलेल्या मॅप, फिल्टर, रिड्यूस या मेथड मोलाच्या. ‘फिल्टर’ उत्तीर्णांना वेगळं काढतं, ‘मॅप’ त्यांची नावं देतं, ‘रिड्यूस’ गुणांची बेरीज करतं. मूळ अ‍ॅरे जागचा हलत नाही. फॉर लूपमध्ये हेतू कळायला अख्खा लूप वाचावा लागतो, इथे तो मेथडच्या नावातच असतो. फिल्टर आणि मॅप दर वेळी नवा अ‍ॅरे तयार करतात, त्यामुळे प्रचंड डेटावर साधा लूप सरस ठरू शकतो. पण रोजच्या कामात वाचणाऱ्याचा वेळच जास्त महाग.

मग सॉर्टच का दुरुस्त केलं नाही? वेबवर जुनी पानं मोडायची नाहीत, हा भाषेच्या रचनाकारांचा दंडक आहे. २०१८ मध्ये त्याची कसोटी लागली. अ‍ॅरेतले अ‍ॅरे सपाट करणाऱ्या मेथडला ‘फ्लॅटन’ नाव ठरलं होतं. ती फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत आली आणि मूटूल्स या जुन्या लायब्ररीवर उभं असलेलं एक संकेतस्थळ मोडलं, कारण मूटूल्सची स्वतःची ‘फ्लॅटन’ होती. बराच वाद झाला आणि शेवटी ‘फ्लॅट’ हे नाव स्वीकारलं गेलं. जुन्या लायब्ररीवरच्या पानांसाठी भाषेने मागे सरावं, यात मोठा समंजसपणा आहे.

सॉर्टही तसंच राहिलं. २०२३ मध्ये त्याच्या शेजारी ‘टूसॉर्टेड’ आलं. ते लावलेली नवी यादी देतं. मात्र नवी असते ती फक्त रांग. आतल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी दोन्ही याद्यांत त्याच असतात. एकीकडे कुणाचे गुण बदलले, की दुसरीकडेही बदललेलेच दिसतात.