वळण लावताना

'वळण' हा शब्द मराठीत रस्त्याला चालतो, अक्षराला चालतो, फांदीला चालतो आणि मुलालाही चालतो. 'पोराला चांगलं वळण आहे' असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा ते कुणीतरी लावलेलं आहे हे गृहीत असतं. लावताना काहीतरी वाकवावं लागलं असणार, हे मात्र आपण बोलून दाखवत नाही. उलट, एखाद्याचं आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीने खुरटलं, की 'त्याचा बोन्साय करून टाकला' असं म्हणतो. वळण हा स्तुतीचा शब्द, बोन्साय हा निंदेचा. फांदीला तार गुंडाळणारा माणूस मात्र वळणही लावत असतो आणि बोन्सायही करत असतो. त्याच्या या कृतीला काय म्हणायचं? जिवंत गोष्टीला आपल्या मनातला आकार देण्याचा अधिकार कुणाला असतो का?

आधी शब्दाकडे पाहू, कारण भाषांतर हा माझा व्यवसाय आहे आणि मला ती खोड आहे. जपानी शब्दात 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. तबकात लावलेलं ते बोन्साय. चिनी परंपरेतला 'पेनजिंग' हा शब्द तबकातल्या देखाव्याविषयी बोलतो. दोन्ही शब्दांत लहानपणाचा उल्लेख नाही. आपण हिंदी-मराठीत 'वामनवृक्ष' म्हणू लागलो, तेव्हा उंची शब्दात शिरली आणि तिच्या मागोमाग एक संशयही आला: हे झाड मुळात मोठं होणार होतं, कुणीतरी त्याला उपाशी ठेवून लहान केलं.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहण्यासाठी दुर्मीळ झाड लागत नाही. साधी कुंती पुरते. बंगालीत हिला कामिनी म्हणतात. देशभर सोसायट्यांच्या आणि सरकारी बंगल्यांच्या कुंपणांना हिच्याच कापलेल्या भिंती असतात, आणि पांढऱ्या फुलांचा वास आला की तेवढ्यापुरती ती आठवते. नर्सरीत काळ्या पिशव्यांतून तिची रोपं रांगेने उभी असतात. गिऱ्हाईक दाट पानांचं रोप निवडतं. बोन्साय करू पाहणाऱ्याला पानांशी फारसं कर्तव्य नसतं. तो पिशवीतली वरची माती बोटाने बाजूला करतो आणि बुंध्याशी मुळं कशी पसरली आहेत ते बघतो. खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं असेल, तर पानं विरळ असली तरी ते रोप तो घरी आणतो.

घरी आल्यावर लगेच कात्री लावायची नसते. रोप चारही बाजूंनी फिरवून त्याची दर्शनी बाजू ठरवायची. एकेक फांदी हाताने झाकून, ती नसेल तर काय उरेल ते पाहायचं. मग छाटणी. कित्येकदा निम्म्याहून अधिक फांद्या जातात. शेंड्याकडून खाली येणारा संप्रेरकाचा प्रवाह थांबला, की खोडावरचे झोपलेले डोळे जागे होतात आणि काही आठवड्यांत फुटवे येतात. कुंती या बाबतीत उदार आहे, जून खोडावरही ती फुटते. मुळांचं काम त्याच दिवशी करत नाहीत. रोपाला सावरायला वेळ देतात. पुढे वाढीच्या दिवसांत पिशवी फाडायची, गोल गोल फिरलेली मुळं सोडवायची, खाली जाणारी जाड मुळं कापायची आणि तंतुमुळं राखायची. माती पाणी धरून न ठेवणारी हवी: विटांचे तुकडे, जाड वाळू, कुजलेलं खत. फांदीला तार तिरकी गुंडाळतात आणि ती सालीत रुतण्याआधी काढतात. तार काढल्यावर फांदी पुन्हा सरळ झाली, तर वळण बसलेलं नसतं. मग पुन्हा तार.

यात उपासमार कुठेच नाही. अशक्त रोप मुळांची छाटणी सोसत नाही, मरून जातं. त्याला आधी खाऊपिऊ घालून धडधाकट करावं लागतं. पानं हळूहळू लहान होतात, पण फूल लहान होत नाही. वीतभर उंचीच्या कुंतीवर कुंपणावरच्या कुंतीएवढंच फूल येतं आणि वासही तेवढाच. तिचं बी जमिनीत पेरलं, तर त्यातून नेहमीसारखीच कुंती उगवते. म्हणजे झाडाच्या मूळ स्वभावाला कुणी हात लावलेला नाही. बदलली आहे ती फक्त परिस्थिती.

इथे सुटकेचा नि:श्वास टाकावासा वाटतो, पण टाकता येत नाही. माणसांचं खच्चीकरण होतं तेही परिस्थितीतूनच. कुणाच्या उपजत बुद्धीला हात लावावा लागत नाही. जागा, वेळ, पैसा, शाळा हातात ठेवली की पुरतं. 'मुळात ती हुशारच होती' हे वाक्य आपण कितीतरी बायकांविषयी ऐकलेलं आहे. मूळ स्वभाव शाबूत राहिला, म्हणून झाल्या गोष्टीचा दोष जात नाही.

आक्षेप जुना आहे, आणि तो बाहेरच्यांनी घेतलेला नाही. च्वांग त्झूच्या नावावर असलेल्या चिनी ग्रंथात घोड्यांना शिकवून पांगवणाऱ्या नामवंत पारख्यावर टीका आहे, आणि तिथेच विचारलं आहे की मातीला आणि लाकडाला कुंभाराच्या, सुताराच्या मापात बसायची इच्छा असते का. चौदाव्या शतकात योशिदा केन्कोने 'त्सुरेझुरेगुसा'त हिनो सुकेतोमो या सरदाराची हकीकत सांगितली. क्योतोच्या तोजी देवळाच्या दारात पावसासाठी थांबला असता तो व्यंग असलेल्या भिकाऱ्यांकडे आधी कुतूहलाने पाहतो, मग त्याला त्याचा वीट येतो. घरी गेल्यावर कुंड्यांतली वेडीवाकडी झाडं त्याला पाहवत नाहीत, तो ती काढून टाकायला लावतो. आणि १८३९ साली गोंग झिझेनने 'आजारी प्लमांच्या घरा'विषयी लिहिलं. त्याने तीनशे कुंड्या विकत घेतल्या, कुंड्या फोडल्या, दोऱ्या सोडल्या आणि झाडं जमिनीत लावली. त्याचा रोख माळ्यांवर नव्हता. वाकड्या झाडाला जास्त भाव येतो, कारण विद्वानांना वाकडेपणात सौंदर्य दिसतं, हे त्याचं म्हणणं. हा लेख राज्यव्यवस्थेने गुणी माणसांची केलेली छाटणी म्हणूनच वाचला जातो.

या तिघांना माझ्याकडे सोपं उत्तर नाही. नर्सरीतलं रोप काही अरण्यात जाणार नव्हतं, कुंपणात जाऊन महिन्याला कापलंच जाणार होतं, हे खरं आहे. पण कुंपणातली गैरसोय कुंडीतल्या गैरसोयीचं समर्थन होत नाही. झाडाशी आपला 'संवाद' होतो असंही बोन्साय करणारे म्हणतात. डोळा कुठे फुटेल ते झाड ठरवतं, माणसाला आपला बेत बदलावा लागतो, इतपत ते मान्य करता येईल. पण झाडाला नकार देण्याचा एकच मार्ग आहे, मरून जाण्याचा. ज्याला एवढाच नकार उपलब्ध आहे, त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येणार नाही.

झाडाला मज्जासंस्था नाही. प्राण्याला होते तशी वेदना त्याला होते असं मानायला आधार नाही. म्हणून मी याला क्रौर्य म्हणत नाही. पण काहीतरी हिरावलं जातं हे नक्की. जमिनीतलं झाड उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात मुळं खोल धाडतं. ती मुळं मी कापली. चार बोटं मातीत त्याला शोधायला जागाच ठेवली नाही. आता त्याचं खोल जाणारं मूळ म्हणजे मी. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, दोन-तीन वर्षांनी नवी माती, गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली. कापण्याचा अधिकार मला कुठून मिळाला हे मी सिद्ध करू शकत नाही. कापल्यामुळे माझ्यावर काय चढलं ते मात्र मोजता येतं. ते कर्ज आहे, आणि त्याला मुदत नाही. माझ्या घरी एकच कुंडी आहे, ती याच हिशेबाने.

आता माणसाकडे परत येता येईल. बोन्सायची उपमा आपण लहानपणासाठी वापरतो, कापाकापीसाठी वापरतो. मला वाटतं तिचा खरा अर्थ तिसराच आहे: कायमचं परावलंबन. मुलालाही आपण वळण लावतो, नको म्हणतो, हात धरून अक्षर गिरवून घेतो. पण ते अशासाठी, की एके दिवशी आपली गरज संपावी. शिवाय मूल 'का?' असं विचारतं, 'नाही' म्हणतं, आणि ते म्हणूनही जिवंत राहतं. जे संगोपन, जो संसार, जी संस्था माणसाची मुळं अशी कापते की रोजचं पाणी कायम आपल्याच हातून घ्यावं लागेल, तिला बोन्साय म्हणावं. तिने कितीही निगुतीने पाणी घातलं तरी म्हणावं. झाडाचं मूळ होण्याची जबाबदारी माणूस घेऊ शकतो. दुसऱ्या माणसाचं मूळ होऊन बसण्याचा हक्क त्याला नाही.

हा फरक जपानी परंपरेलाही ठाऊक आहे. 'हाचि नो कि' या नो नाटकातला दरिद्री सामुराई बर्फाच्या रात्री दाराशी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून कुंडीतली आपली जिवापाड जपलेली प्लम, चेरी आणि पाइनची झाडं जाळतो. झाडांवरचं त्याचं प्रेम खोटं नाही, पण माणूस थंडीने काकडत असताना त्याला निवड करायला वेळ लागत नाही.

आणि कर्ज किती लांबतं, याचंही एक उदाहरण आहे. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडे १६२५ पासून जोपासलेला एक पाइन होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, घराच्या भिंतीआड तो वाचला. १९७६ मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. तो हिरोशिमातून वाचलेला आहे, हे तिथल्या संग्रहालयाला कळलं २००१ साली, यामाकींची नातवंडं झाड बघायला आली तेव्हा. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्या देशातले माळी तोवर पंचवीस वर्षं त्याला पाणी घालत होते. आजही वॉशिंग्टनमध्ये ते काम चालू आहे. ज्याने पहिली फांदी कापली त्याचं नाव आता कुणाला विचारायचं कारण नाही. पाणी आज कोण घालणार, एवढं रोज सकाळी विचारावं लागतं.