पाळकाविना मंडळी

सॅक्सनीतल्या लाइस्निग या छोट्या गावाचा 1523 साली जवळच्या मठाशी वाद पेटला होता. गावच्या चर्चमध्ये पाळक नेमायचा कोणी? मठाधिपतीच्या मते तो मठाचा जुना हक्क. गावकऱ्यांना हवा होता नव्या सुधारणेचा उपदेशक. त्यांनी मार्टिन ल्यूथरकडे धाव घेतली. त्याने एक पुस्तिकाच लिहून दिली: शिकवण पारखण्याचा, पाळक बोलावण्याचा आणि वेळ पडल्यास त्याला दूर करण्याचा अधिकार मंडळीचा आहे.

त्याच वर्षी प्रागच्या लोकांचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांच्याकडे दीक्षा देणारा बिशपच नव्हता. उमेदवार इटलीला जात, रोमशी निष्ठेचे वचन देत आणि परत आल्यावर ते मोडत. ल्यूथरने त्यांना कळवले की असल्या दीक्षेपेक्षा कुटुंबप्रमुखाने घरीच शुभवर्तमान वाचावे आणि मुलांना बाप्तिस्मा द्यावा. प्रभुभोजन जन्मभर मिळाले नाही तरी विश्वास बुडत नाही.

हा सल्ला अडचणीच्या काळापुरता होता. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात ल्यूथरपंथीयांनीच स्पष्ट लिहिले की रीतसर बोलावणे आल्याशिवाय कोणीही जाहीर उपदेश करू नये, संस्कार देऊ नयेत. म्हणजे मंडळीला पाळक हवाच. पण तो नसला म्हणून मंडळी संपत नाही. या दोन विधानांमधला ताण पुढच्या पाच शतकांत सुटला नाही.

मात्र दुसरे विधान व्यवहारात उतरवणारी साधने ल्यूथरनेच घरोघर पोहोचवली. 1529 ची लहान प्रश्नोत्तरी कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवायची होती. तिच्यात सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत, जेवणाआधीची आहे आणि जेवणानंतर आभार मानण्याचीही. देवाने निर्माण केले म्हणजे काय, हे सांगताना ल्यूथर कपडे, जोडे, अन्न, घर, गुरेढोरे अशी यादीच देतो आणि या सगळ्याबद्दल आभार मानणे हे माणसाचे देणे ठरवतो. कृतज्ञता इथे मनाच्या उमाळ्यावर सोडलेली नाही. ताट वाढले की करायची ती गोष्ट आहे. 1544 साली त्याचा घरगुती प्रवचनांचा संग्रह निघाला. आजारपणामुळे चर्चमध्ये उभे राहणे जमेना, तेव्हा त्याने घरातल्या माणसांपुढे केलेली ही प्रवचने. वाचता येणारा कोणीही ती मोठ्याने वाचू शकत होता.

या सवयीचे बळ तीस वर्षांच्या युद्धात दिसले. 1637 च्या महामारीत आयलेनबुर्ग शहरात मार्टिन रिंकार्ट हा एकच पाळक उरला. त्याने चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली. त्यांत त्याची पत्नीही होती. ल्यूथरपंथीयांचे सर्वांत प्रसिद्ध आभारगीत याच रिंकार्टचे, आणि ते मुळात जेवणाच्या वेळची प्रार्थना म्हणून लिहिलेले.

अमेरिकेत प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. 1839 मध्ये सॅक्सनीहून मिसुरीत आलेल्या स्थलांतरितांनी आपला पुढारी मार्टिन श्टेफान याला गैरवर्तनाच्या आरोपावरून मिसिसिपी नदीपार धाडले. मग शंका सुरू झाली: ज्याच्या शब्दावर देश सोडला तोच खोटा निघाला, तर आपण मंडळी तरी उरलो का? 1841 च्या आल्टेनबुर्ग येथील जाहीर वादात सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी उत्तर दिले की जिथे वचन आणि संस्कार आहेत तिथे मंडळी आहे, पुढाऱ्याच्या पापाने ती नाहीशी होत नाही.

भारतातही याची एक कसोटी लागली. 1845 पासून रांचीत काम करणारे गॉस्नर मिशनचे जर्मन मिशनरी पहिल्या महायुद्धात नजरकैद होऊन मायदेशी पाठवले गेले. अँग्लिकन चर्चमध्ये विलीन होण्याचा मार्ग खुला होता. छोटानागपूरच्या उरांव, मुंडा ख्रिस्ती लोकांनी तो नाकारला आणि 10 जुलै 1919 रोजी आपले चर्च स्वायत्त जाहीर केले.

सर्वांत कठोर परीक्षा झाली ती सोव्हिएत संघात. लेनिनग्राडमधले ल्यूथरपंथी पाळकांचे विद्यालय 1934 मध्ये बंद पडले. दशक संपेपर्यंत चर्चना कुलपे लागली होती. पाळक तुरुंगात, छावणीत किंवा थडग्यात होते. 28 ऑगस्ट 1941 च्या फर्मानाने व्होल्गाकाठच्या जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले. पुरुषांना श्रमसेनेत नेले, पुढे बायकांनाही. कोणाच्या बोचक्यात बायबल होते, कोणाच्या गीतपुस्तक, क्वचित जुना प्रवचनसंग्रह. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी आठवणीतली गीते वह्यांत उतरवली.

पाळक नव्हते, पुरुषही थोडे. म्हणून वाचन, प्रार्थना, बाप्तिस्मा आणि दफन म्हाताऱ्या बायकांच्या हाती आले. ल्यूथरच्या सल्ल्यातल्या कुटुंबप्रमुखाच्या जागी आजी आली. वाढदिवसाच्या निमित्ताने लोक जमत, पडदे ओढून हळू आवाजात गात. प्रभुभोजनाबाबत एकमत नव्हते: काही ठिकाणी मंडळीने निवडलेले बंधू ते देत, तर काही ठिकाणी लोक पाळकाची वाट पाहत वर्षानुवर्षे थांबले. हद्दपार लोकांना ज्या विशेष वसाहतींत ठेवले होते त्यांतून डिसेंबर 1955 मध्ये सुटका झाली, पण व्होल्गाकाठी परतण्याची मुभा मिळाली नाही. अकमोलिन्स्कमध्ये, म्हणजे आजच्या अस्तानात, पाळक ऑयगेन बाखमान यांनी मंडळी उभी केली. पुढे रीगाचे हाराल्ड काल्निन्श दूरदूरच्या मंडळ्यांना भेटी देऊ लागले. 1988 मध्ये ते बिशप झाले.

ही कहाणी निव्वळ विजयाची नाही. वाट मोकळी होताच लाखो जर्मन कुटुंबे जर्मनीला निघून गेली आणि मंडळ्या ओस पडल्या. जर्मनीहून आलेल्या नव्या पाळकांचे जुन्या बंधूंशी खटकेही उडाले, कारण दशकानुदशके स्वतःच्या बळावर चाललेल्या माणसांना आपली रीतच खरी वाटत होती. शिवाय आज्यांनी जपलेले सारे जर्मनमध्ये होते, तर नातवंडे रशियन बोलत होती.

तरीही 1523 चा सल्ला खरा ठरला, तोही लिहिणाऱ्याने कल्पिले नव्हते अशा माणसांच्या हातून. आज कझाकस्तानातल्या उरलेल्या मंडळ्यांत उपासना मुख्यतः रशियनमध्ये होते. पाळक अजूनही मोजकेच आहेत.