सत्य हेच स्मरणाचे अधिष्ठान



जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार नित्य पदार्थांचे यथार्थ ज्ञान जीवास व्हावे, यासाठी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपण केले. जे जसे आहे तसे जाणणे हे ज्ञान. जसे जाणले तसेच बोलणे हे सत्य. म्हणून सत्य हा केवळ लोकव्यवहारातील सद्गुण नव्हे. तो साधनमार्गाचा पाया होय.

याची साक्ष आपल्याच परंपरेत आहे. स्वामींच्या उत्तरापंथे प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी आचार्य श्रीनागदेवांच्या आधाराने लीळांचे संकलन केले. म्हाइंभट मोठे पंडित. अपुऱ्या वाटणाऱ्या लीळेत पदरचे चार शब्द घालणे त्यांना अवघड नव्हते. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन विचारण्याचा कष्टाचा मार्ग त्यांनी पत्करला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा लीळा पुन्हा स्मरणातून लिहिल्या गेल्या. स्मरण करणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. पूर्वजांनी तसे केले नाही. ‘शोधु’ म्हणून भिन्न पाठही पोथीत नोंदविले.

येथे कोणी शंका घेईल : पाठभेद उघड केल्याने श्रद्धेस बाध येणार नाही काय?

समाधान असे. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण हे आपले साधन. लीळेत आपले काही मिसळले, तर साधक स्मरण कोणाचे करील? परमेश्वराचे नव्हे, मिसळणाऱ्याच्या कल्पनेचे. रायगड जिल्ह्यातील माणगावच्या बाजूस भाताचे पीक होते. तेथील शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. भातात पोचट दाणे राहिले तर पायली भरते, पण कांडल्यावर तांदूळ उतरत नाही. पदरचे घालून रंगविलेले निरूपण तसेच. सभा भरते, साधकाच्या पदरी काही पडत नाही. पाठभेद सांगितल्याने श्रद्धा ढळत नाही. झाकलेले पुढे उघडे पडले म्हणजे ती ढळते.

म्हणून निरूपण करणाऱ्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : पोथीत काय आहे, गुरुमुखातून काय ऐकले आणि आपली समजूत काय. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणण्यात मानहानी नाही. भिक्षुकाने जेवढा आचार घडतो तेवढाच सांगावा. वासनिक दंडवत घालतो तो आचारास. न घडलेल्या आचाराचा मान घेणे म्हणजे न मागता केलेली चोरीच. आणि झाकलेल्या दोषास प्रायश्चित्त कसे लागावे? वैद्यापुढे दुखणे लपविणाऱ्यास औषध लागू पडत नाही.

वासनिकांनीही ध्यानी घ्यावे. धर्मकार्यास दान दिल्याने दुकानातील खोटे माप खरे होत नाही. आश्रमात एक आणि बाजारात दुसरे असे दोन जीव कोणापाशी नसतात. शरण जाणारा जीव एकच. तो जसा असेल तसाच परमेश्वरापुढे उभा राहतो.

लोकांपासून दोष लपेल, सर्वज्ञापासून लपणार नाही. मग लपविण्याचे श्रम कशासाठी? तेच श्रम स्मरणात लावावेत, इतकीच विनंती. दंडवत प्रणाम.