पहिला अल्बम आणि आपले कान

रेमो फर्नांडिसचा 'गोवन क्रेझी' हा पहिला अल्बम १९८४ साली आला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेचे शिक्षण घेतलेला, युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घालून बार्देशातल्या शिवोलीला परतलेला हा गायक कुठल्या कंपनीची वाट पाहत बसला नाही. घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर त्याने गाणी ध्वनिमुद्रित केली. वाद्ये त्यानेच वाजवली, सगळे आवाजही त्याचेच, आणि तयार कॅसेटी स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवल्या त्याही त्यानेच. ही हकिकत गोव्यात इतक्या वेळा सांगून झाली आहे की स्कूटर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कॅसेटमधली गाणी मात्र सलग ऐकलेला माणूस विरळा.

पेडणे आणि डिचोलीत तर अधिकच विरळा. शिवोलीच्या पलीकडे शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका लागतो. त्या काळी शिवोली-चोपडे पूल नव्हता, फेरीबोटीने यावे लागे. पण खरे अंतर पाण्याचे नव्हते. बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली त्यांच्या हाती आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि पेडणे त्याहून थोडे नंतर, १७८८ मध्ये. मधल्या दोन-अडीच शतकांत चर्चच्या शाळांतून बार्देशकरांच्या पिढ्या व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकल्या. आमच्या पेडणे-डिचोलीच्या बाजूला त्याच काळात भजन, दशावतार, शिगम्याचे रोमटामेळ, चवथीच्या घुमट आरत्या. नाट्यसंगीत नंतर आले आणि घरचेच झाले. एकाच्या कानाला सुरांची एकावर एक रचलेली उतरंड हवी असते, तर दुसऱ्याला सुराचा एकच धागा आणि त्याखालचा ठेका. म्हणून पॉप-रॉक गाणाऱ्या गोमंतकीय गायकाचा पहिला अल्बम आला की मते दुभंगतात यात नवल काहीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही मते बहुधा गाण्याबद्दल नसतातच.

पहिला आक्षेप भाषेचा. ऐंशीच्या दशकात मराठी की कोंकणी या वादाने गोवा तापलेला होता. १९८७ साली राजभाषा कायदा झाला तरी तो विझला नाही. अशा वेळी कोणी इंग्रजीत गाऊ लागला तर तो दोन्ही पक्षांना आपला वाटत नाही. पण गोव्याच्या राजकारण्यांची, इथल्या सुशेगाद वृत्तीची, पर्यटकांनी रंगवलेल्या चित्राची थट्टा करायची, तीही भाषेच्या भांडणात न सापडता, तर इंग्रजी ही त्यातल्या त्यात मोकळी जागा होती. सोपी पळवाट म्हणा हवे तर. मी पळवाट म्हणणार नाही. पण त्या मोकळ्या जागेची किंमत त्याने मोजली हे खरे. डिचोलीच्या बाजारातल्या माणसाची टवाळी केलेली असली तरी ती त्या माणसाला कळली नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला ती बोचतही नाही.

दुसरा आक्षेप 'हे आपले संगीत नव्हे' असा. तो मला बरीच वर्षे हसू आणत आला आहे. हे म्हणणारा माणूस शंकर-जयकिशनच्या गाण्यांवर पोसलेला असतो. त्या गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा या गोमंतकीयाचे. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. पेडण्याच्या घरांतल्या रेडिओवर पाश्चात्त्य स्वरमेळ चाळीस-पन्नास वर्षे वाजत होता; त्यावर लताबाईंचा आवाज होता म्हणून तो परका वाटला नाही, एवढेच. आणि शिवोली तरी कुठे परकी? तिथला जागोर डिसेंबरात हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. त्या गावच्या मुलाने गिटार हातात घेतली म्हणून तो परक्यांत जमा होत नाही.

तिसरा आक्षेप कच्च्या ध्वनिमुद्रणाचा, आणि तो मात्र गाण्याविषयीचा आहे. चारच ट्रॅक असले की तीन भरून चौथ्यावर एकत्र उतरवायचे, मग मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. अशा प्रत्येक उतरवणीत आवाज थोडा मळतो आणि फितीची खरखर वाढते. शिवाय एकदा एकत्र झालेले सूर पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. बासरी मोठी झाली तर मोठीच राहते. पण याहूनही मोठी अडचण एकटेपणाची आहे. वादकांचा ताफा असला की कोणी तरी म्हणतो, हे कडवे लांबले, हा ताल ओढतोय. एकटा माणूस स्वतःच्याच तालावर स्वतःच मान डोलावतो. 'गोवन क्रेझी' ऐकताना मला हे जाणवते. विनोद नेमका, चाल चटकन लक्षात राहणारी, बासरीचा वापर हुशार. पण काही जागी कल्पना संपल्यावरही गाणे चालूच राहते. थांब म्हणणारे कोणी खोलीत नव्हते.

आपल्या परंपरेत हे काम गुरू करतो. अंजनीबाई मालपेकर मूळच्या पेडण्यातल्या मालपे गावच्या. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे त्या शिकल्या, आणि पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकायला गेले. तिथे शिष्याने बैठकीत केव्हा बसायचे हे शिष्य ठरवत नसे. पॉप गाणाऱ्या मुलाला असे कोणी नसते. पहिल्या अल्बमनंतर श्रोते जे बोलतील तेवढेच त्याचे शिक्षण. म्हणून श्रोत्यांनी संस्कृतीवर व्याख्यान देऊन परतायचे, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. आणि दुसऱ्या टोकाची मंडळी त्याहून घातक. 'आपल्या गावचा पोर' म्हणून शाल, श्रीफळ, स्थानिक दैनिकात फोटो. त्या सत्कारात गाण्याविषयी एक वाक्य निघत नाही. विरोधकाने निदान चिडण्यापुरते तरी ऐकलेले असते.

भजनी सप्ताहात हेच लोक किती चोख असतात! पखवाजाची सम अर्ध्या मात्रेने चुकली तर मंडपातली मागची रांगसुद्धा मान फिरवते. अभंगात शब्द तुटला तर प्रसादाच्या पंगतीत चर्चा होते. हा कान डिचोलीकडे आहे, साखळीकडे आहे, पेडण्याकडे आहे. ड्रम्स आणि बेस ऐकताना तो घरी का ठेवायचा? लय म्हणजे लयच. शब्दाचा आघात आणि तालाचा आघात जुळला की नाही, हे इंग्रजी गाण्यातही ऐकू येते.

डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न महोत्सव पेडण्यातल्या धारगळला झाला, त्याआधी तालुक्यात मोठा वाद पेटला. आवाज, रहदारी, अमली पदार्थ, संस्कृती यांवर सगळे बोलले आणि त्यातल्या बऱ्याच चिंता रास्त होत्या. संगीत चांगले की वाईट यावर कोणी बोलले नाही, ना बाजूने ना विरोधात. हरमल आणि मोरजीच्या किनाऱ्यावर तर हंगामभर कुठे ना कुठे गिटार वाजत असते. आज गोव्यात पाश्चात्त्य संगीत कानी पडायचे तर बार्देशच्या जुन्या घरांत जायला नको, पेडण्याच्या किनारपट्टीवर उभे राहिले की पुरते. म्हणजे पुढचा पॉप-रॉक गायक याच गावांतून, दशावतारी नाटक पाहत वाढलेल्या मुलांतून येण्याची शक्यता दाट आहे. त्याला चार ट्रॅकची चणचण नसेल. लॅपटॉपवर शंभर ट्रॅक मिळतील, आणि थांब म्हणणारे माणूस तेव्हाही खोलीत नसेल.

'गोवन क्रेझी'नंतर वर्षभरात रेमोने 'ओल्ड गोवन गोल्ड' काढला. त्यात जुनी कोंकणी आणि पोर्तुगीज गाणी होती. १९९५ साली 'बॉम्बे'मधल्या 'हम्मा हम्मा'ने त्याचा आवाज आमच्या लग्नांच्या मिरवणुकांतही पोचला, तेव्हा कोणाला तो परका वाटला नाही. यावरून पहिला अल्बम थोर होता असे सिद्ध होत नाही. माझ्या मते तो अर्धाच जमला होता. पण कुठला अर्धा जमला आणि कुठला नाही, हे त्याला आमच्या बाजूने कोणी सांगितले असते तर ते त्याच्या कामाचे होते.

तेव्हा पेडण्या-डिचोलीतल्या जाणत्या श्रोत्यांना एक विनंती. तालुक्यातल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा पहिला अल्बम निघाला तर तो सप्ताहाच्या कानाने दोनदा पूर्ण ऐका. मग त्यांना घरी बोलावून सांगा, कुठल्या गाण्यात लय घसरली, कुठला शब्द चालीखाली चिरडला गेला आणि कुठली जागा ऐकताना तुम्ही नकळत मान डोलावली. सत्कार पुढच्या वर्षी केला तरी चालेल.