भूक कोणाची?

ॲप्लिशिया ही समुद्री गोगलगाय. पावसात कुंपणावर सरपटणाऱ्या गोगलगाईची खाऱ्या पाण्यातली नातलग. तिच्या मज्जासंस्थेत जेमतेम २०,००० चेतापेशी. शेवाळाचा सुगावा लागला की डोक्यातल्या काही पेशी हुकूम सोडतात. तोंडाजवळच्या गुच्छिका (चेतापेशींचे पुंजके) दातेरी जीभ बाहेर काढणे, घास धरणे, आत ओढणे हा ताल चालवतात. पोट ताणले की तो थांबतो. या गुच्छिका वेगळ्या काढून बशीत ठेवल्या तरी ताल उमटतो, तोंडच नसताना!

मग ही भूक म्हणायची का? जैन दर्शन शंखादी जीवांना स्पर्श आणि रस ही दोनच इंद्रिये देते (ॲप्लिशियाला वासही कळतो, ही अडचण आहेच). आहारसंज्ञा, म्हणजे अन्नाची ओढ, मात्र जीवाची; पुद्गलाची, म्हणजे जड द्रव्याची, नव्हे. त्या न्यायाने बशीतली हालचाल भूक ठरत नाही. जडवादी चार्वाकाला जीव आणि जड हा भेदच मान्य नाही.